नव्वद डॉलरचा चेंडू

वेंडेल कोपेकीच्या पगाराच्या पाकिटातून त्या शुक्रवारी मोटार धुण्याची बारा कुपनं निघाली. डार्लाने ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्त्यांसारखी मांडली आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खिडकीबाहेर पाहत होता. बाहेर त्यांची एकुलती एक मोटार तीन आठवड्यांपासून विटांवर उभी होती.

"मागच्या वेळी पिझ्झाची होती," डार्ला म्हणाली. "ती निदान खाता तरी आली."

"रॉइस म्हणाला, पुढच्या सामन्याला नक्की..."

"रॉइस म्हणाला! अरे, पाच सामने झाले. रॉइसचं 'नक्की' आता मला पाठ झालंय."

वेंडेल हा वेल्डन क्रीकच्या 'हेलस्टॉर्म' संघाचा किकर, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने मारून गुण मिळवणारा. हेलस्टॉर्म म्हणजे गारपीट. हॉकीच्या बंदिस्त रिंगणात, बर्फावर हिरवा गालिचा अंथरून खेळायचा हा अमेरिकन फुटबॉल. मैदान अर्धं, पण मार पुरा. दर सामन्याला दोनशे डॉलर ठरले होते, आणि दोनशे डॉलर दिसतात कसे हे वेंडेल आता विसरत चालला होता. मालक रॉइस बेटेनडॉर्फ पूर्वी अंगणात ठेवायचे गरम पाण्याचे टब विकायचा. माणूस वाईट नव्हता हो. त्याच्याजवळ फक्त पैसे नव्हते, आणि संघ चालवायला नेमके तेच लागतात.

पण खरी धास्ती रॉइसची नव्हती, सासऱ्याची होती. ऑर्विल यानेचेक यांचा सेप्टिक टाक्या उपसायचा धंदा. सात ट्रक, सबंध तालुक्याची गिऱ्हाइकी, आणि कामाला माणूस टिकत नाही. लग्नाला सहा वर्षं झाली तरी वेंडेल त्यांना 'मिस्टर यानेचेक' म्हणायचा, कारण दुसरं काही म्हणायची परवानगी त्यांनी दिलीच नव्हती. थकलेल्या घरभाड्याची गोष्ट त्यांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "रविवारी संध्याकाळपर्यंत तुझे हजार डॉलर हातात आले तर खेळ बापड्या. नाही आले, तर सोमवारी सकाळी सहाला माझा ट्रक दारात."

वेंडेल एकदाच, एकच दिवस त्या ट्रकवर गेला होता. नंतर आठवडाभर घरातलं मांजर त्याच्या खोलीत फिरकलं नाही.

रविवारी दुपारी तीनचा सामना. हा जिंकला तर बाद फेरीचा सामना घरच्या मैदानावर, तीन हजार तिकिटं; हरला तर हंगाम खलास. कपडे बदलायच्या खोलीत रॉइस बाकड्यावर चढून उभा राहिला. "मित्रांनो, एक अडचण आहे. चेंडू आठच उरलेत."

सगळ्यांनी माना हलवल्या. फळीच्या कुंपणापलीकडे गेलेला चेंडू ज्याच्या हाती लागला त्याचा, ही इथली रीत. निम्मे लोक तर तेवढ्यासाठीच तिकीट काढतात. दुकानात तोच चेंडू नव्वद डॉलरला पडतो, आणि दुकानदाराने रॉइसला उधार देणं केव्हाच बंद केलं होतं.

"म्हणून आज खांबांमधून किक मारायची नाही," रॉइस म्हणाला. "एक किक म्हणजे नव्वद डॉलर पाण्यात."

"अहो, मी किकर आहे," वेंडेल म्हणाला. "मग मी करू काय?"

"खेळ सुरू करायची किक मारावीच लागते, नियम आहे. ती मार. पण हळू, जमिनीलगत. आजारी माणसाला पाणी पाजतात ना, तशी."

"आणि माझे पाच सामन्यांचे पैसे?"

"तेच सांगतोय! आज तुला कामच कमी आहे. मग पैशांची एवढी घाई कशाला?"

यावर टायरस ग्रिग्ज नावाचा सव्वाशे किलोचा गडी खो खो हसला आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपलेही पाच सामने थकलेत. तो हसायचा थांबला.

वेंडेल तसा मेणाहून मऊ माणूस. पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात तिडीक गेली. शिट्टी वाजली, त्याने धाव घेतली, आणि आजारी माणसाला पाणी पाजण्याऐवजी अशी लाथ हाणली की चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला, खांबांपलीकडे उतरला आणि थेट सी स्टँडमध्ये, ऑर्विल यानेचेक यांच्या चीज घातलेल्या नाचोजच्या ताटात पडला. तिथून उसळून शेजारी बसलेल्या डार्लाच्या मांडीवर.

"मेल्याने माझं जेवण सांडलं!" ऑर्विल ओरडले. चीज त्यांच्या भुवईवरून ओघळत होतं.

लगेच रॉइसचा माणूस धापा टाकत आला. "ताई, तेवढा चेंडू परत द्या ना. मालक वीस डॉलर देतो म्हणतात."

"वीस?" डार्लाने चेंडू पर्समध्ये कोंबला. "रीत म्हणजे रीत. पकडला त्याचा." आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो माणूस आला तसा परत गेला.

आता या सी स्टँडची गंमत ऐका. रॉइसने ज्यांचे ज्यांचे पैसे थकवले होते, त्या सगळ्यांना तोंड बंद ठेवायला फुकट तिकिटं वाटली होती, आणि ती सगळी सी स्टँडची. खेळाडूंच्या बायका आणि त्यांची माहेरची माणसं तिथे. चार खेळाडूंना आपल्या घरात ठेवून घेतलेल्या प्रुइटकाकू तिथे. त्यांचं दोन महिन्यांचं भाडं येणं होतं. पिझ्झावाला गस लिंडक्विस्ट तिथे. म्हणजे रॉइसने आपले सगळे सावकार स्वतःच्या हाताने एका रांगेत, खांबांच्या बरोब्बर मागे नेऊन बसवले होते.

डार्लाने मनात हिशेब केला. नव्वद डॉलर. तिने नवऱ्याकडे पाहून एक बोट वर केलं. अजून एक.

लग्नाच्या सहा वर्षांत बायकोची खूण वेंडेलला इतक्या पटकन कधी कळली नव्हती. पुढे जेव्हा जेव्हा त्याचं तोंड सी स्टँडकडे आलं, तेव्हा तेव्हा चेंडू बायकोच्या ओटीत गेला. टायरसच्याही डोक्यात प्रकाश पडला. टचडाउन झाल्यावर, म्हणजे चेंडू घेऊन शेवटची रेघ ओलांडल्यावर, तो आनंदाने एखाद्या प्रेक्षकाला देण्याची रीतच आहे. त्याने तो फळीवरून वाकून, अगदी अदबीने प्रुइटकाकूंच्या हातात ठेवला. "काकू, भाड्यात धरा." दुसऱ्या टचडाउनला दुसरा. मग बाकीच्यांना धीर आला, आणि आणखी दोन चेंडू दोन बायकांच्या कुशीत गेले. प्रेक्षक बेहद्द खूश. कडेला रॉइस केस उपटत होता, पण बोलणार काय? रीत होती.

"हे लोक सारखे पडतात कशाला?" ऑर्विल पहिल्या भागात विचारत होते. दुसऱ्या भागात त्यांनी "पकड ना त्याला, गाढवा!" असं एकदा हळूच म्हटलं. शेवटच्या भागात ते खुर्चीवर उभे होते.

आता परिस्थिती अशी: पाहुणे ४६, गारपीट ४४, सामन्याची नऊ सेकंदं शिल्लक. टायरसने उडी मारून चेंडू झेलला आणि त्याच झोकात फळीवरून सी स्टँडमध्ये कोसळला. उठून परत आला तेव्हा त्याच्या हातात चेंडू नव्हता, पिझ्झाचा तुकडा होता.

"चेंडू?" पंचांनी विचारलं. पंच म्हणजे शेजारच्या गावातल्या शाळेतल्या गणिताच्या बाई, मिस हॅलोरन.

"गसकडे राहिला," टायरस खात खात म्हणाला.

"दुसरा आणा."

दुसरा नव्हता. आठच्या आठ चेंडू सी स्टँडमध्ये होते. पाहुण्यांकडे मागावा म्हटलं, तर त्यांचा कप्तान चेंडूंच्या पिशवीवर जाऊन बसला होता आणि दुसरीकडेच पाहत होता.

"यजमानांनी चेंडू पुरवायचा असतो," मिस हॅलोरन घड्याळ काढून म्हणाल्या. "तीन मिनिटं देते. नाहीतर सामना पाहुण्यांचा."

इथे किकशिवाय गत्यंतर नव्हतं, हे रॉइसलाही कळलं. खांबांमधून एक किक, तीन गुण, सामना खिशात. त्याने नाचोजच्या दुकानातली गल्ल्याची पेटी बगलेत मारली आणि सी स्टँडकडे पळत सुटला.

"प्रुइटकाकू! माझी गुणाची काकू! एक चेंडू, पन्नास डॉलर!"

"दोन महिन्यांचं भाडं, चार पोरांचं," प्रुइटकाकू स्वेटर विणता विणता म्हणाल्या. "बत्तीसशे."

"गस, तू तरी माझ्या मित्रासारखा वाग!"

"तीनशे बारा पिझ्झा, मित्रा."

रॉइस एकेकाच्या पाया पडत रांगेतून पुढे सरकत होता. बायकांनी पर्सा छातीशी धरल्या होत्या. शेवटी कळलं की सबंध रांगेत सगळ्यात स्वस्त चेंडू डार्लाचा आहे.

"हजार," डार्ला म्हणाली.

"अगं, नव्वदचा चेंडू आहे तो!"

"चेंडू नव्वदचाच आहे. बाकीचे वाट पाहायला लावल्याचे."

"दोन मिनिटं उरली!" मिस हॅलोरननी पुकारलं.

रॉइसने पेटी उघडली आणि चीजने चिकटलेल्या नोटा मोजायला सुरुवात केली. सगळं स्टेडियम त्याच्याबरोबर मोजू लागलं. "चारशे! पाचशे! सहाशे!" मैदानात वेंडेल हात जोडून उभा होता. त्याला प्रत्येक शंभरामागे सोमवारचा ट्रक एक एक घर मागे जाताना दिसत होता. "नऊशे!" नऊशे चाळीसवर पेटी संपली. रॉइसने खिसे उलटे केले, त्यातून मोटार धुण्याची कुपनं पडली.

"नऊशे चाळीस," तो कळवळून म्हणाला. "पोरी, सोड ना साठ."

"नाही," डार्ला म्हणाली. तिलाही सोमवारचा ट्रक दिसत होता. वडिलांची अट हजाराची होती आणि वडील शेजारीच बसले होते.

पण वडील बसलेले नव्हते. ते खुर्चीवर उभे होते, चेहरा टोमॅटोसारखा लाल. "एक मिनिट राहिलं आणि तुम्ही इथे भाजी घेतल्यासारखी घासाघीस करताय?" त्यांनी पाकिटातून साठ डॉलर काढून रॉइसच्या पेटीत आपटले. "हे घे! आणि ए वेंडेल! आता नीट मार, नाहीतर तू आहेस आणि मी आहे!"

डार्लाने हजार डॉलर पर्समध्ये टाकले आणि चेंडू नवऱ्याकडे फेकला. वेंडेलने तो अलगद झेलला. पगार मिळाला होता, ट्रक टळला होता, आणि नऊ सेकंदं उरली होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा पाय इतका हलका झाला होता. त्याने किक मारली. चेंडू खांबांच्या मधोमध गेला, गर्रकन फिरत खाली आला आणि ऑर्विल यानेचेक यांच्या पसरलेल्या हातांत विसावला. सत्तेचाळीस-शेहेचाळीस.

मग काय विचारता! सी स्टँड ऑर्विलवर तुटून पडलं. प्रुइटकाकूंनी त्यांची पापी घेतली. गसने त्यांना उचललं. वरच्या मोठ्या पडद्यावर त्यांचा चीज लागलेला चेहरा झळकला आणि सगळ्यांनी त्यांच्या नावाचा गजर केला. चाळीस वर्षं टाक्या उपसणाऱ्या माणसाला गावात कुणी आजवर मिठी मारली नव्हती. ऑर्विल चेंडू पोटाशी धरून रडत होते.

त्या रात्री वेंडेल ढाराढूर झोपला. सोमवारी सकाळी सहाला दारात हॉर्न वाजला.

वेंडेल तसाच अंथरुणातून उठून धावला. दारात ट्रक उभा होता. "अहो मिस्टर यानेचेक, हजार मिळाले ना! अट पुरी झाली की!"

"झालीच," ऑर्विल खिडकीतून म्हणाले. समोरच्या काचेपाशी त्यांनी कालचा चेंडू मांडून ठेवला होता. "त्याचं काही नाही. काल सामन्यानंतर रॉइस माझ्या गळ्यात पडून रडला. म्हणाला, साठ घातलेच आहेत, तर उरलेलंही घाला. मी संघ विकत घेतला. कर्जासकट."

"अरे वा! अभिनंदन! पण मग हा ट्रक..."

"माझ्याकडे सात ट्रक आणि माणसं नाहीत. माझ्याकडे एकवीस खेळाडू आणि सोमवार ते शुक्रवार त्यांना काम नाही. गणित सोपं आहे. चल, मागे बस."

मागे पाहिलं, तर टायरस रबरी बूट घालून, मांडीवर नळी घेऊन बसला होता. "भाऊ, ये," तो म्हणाला. "नाकाला कापूर लाव, सवय होते म्हणतात."

"पण मिस्टर यानेचेक..."

"आता तू माझा माणूस आहेस. ते मिस्टर-बिस्टर सोड," सासरेबुवा प्रथमच प्रेमाने म्हणाले. "बॉस म्हण."

पगार मात्र शुक्रवारी, दुपारी बाराच्या ठोक्याला आला. डार्लाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाकीट उघडलं. कोऱ्या करकरीत नोटा. तिने दोनदा मोजल्या. बरोब्बर साठ डॉलर कमी होते. त्यांच्या जागी एक कुपन होतं: एका सेप्टिक टाकीची सफाई, अगदी मोफत.