एकशे वीस डेसिबल आणि आत्याची किटली

"विश्वजित, डोळं झाकून घे! एकशे वीसच्या खाली आला, तर वर्षभर आत्याच्या म्हशींचं शेण मी काढीन!"

हे वाक्य नागसेननं शिवाजी पेठेतल्या चहाच्या गाड्यावर, आठ-दहा माणसांदेखत ठणकावून म्हटलं. कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत पंधरा वर्षं काढलेला माणूस तो. मोजल्याशिवाय आमटीत मीठ कमी आहे असंसुद्धा म्हणायचा नाही! त्यामुळे पेठेत त्याच्या शब्दाला वजन होतं.

विश्वजितनं खरोखरच डोळे झाकले, लाडकी बुलेट विकली आणि डॅक घेतला.

डॅक म्हणजे काय, हे पेठेला नागसेननंच शिकवलं होतं. मोबाईलमध्ये गाणं असतं ते नुसत्या आकड्यांचं. त्या आकड्यांचं पुन्हा गाणं करून पुढे धाडणारा डबा म्हणजे डॅक. हे करताना थोडी घाण मिसळतेच. ती जितकी कमी, तितका डब्याचा डेसिबलचा आकडा मोठा. तो आकडा मोजायचं यंत्र सगळ्या पेठेत एकट्या नागसेनकडे होतं.

"म्हंजे दुधाची फॅट बघत्यात तसंच की!" बाळाबाईनं एका वाक्यात विषय उरकला होता.

बाळाबाई ही नागसेनची आत्या. घरामागं तिच्या दोन म्हशी, आणि महिला दूध संस्थेत वीस वर्षं दूध तपासायचं काम. दुधात पाणी किती, ते तिला किटलीचं झाकण उघडतानाच कळतं, असं लोक म्हणत. नागसेनही म्हणायचा, आणि अगदी मनापासून. मोजमापाचं वेड त्यानं तिच्याकडूनच तर घेतलं होतं!

रविवारी सकाळी विश्वजित रिक्षातून डॅक मांडीवर घेऊन नागसेनच्या घरी आला. काय तो डबा! अंगाला कुठं सांधा दिसत नव्हता, आणि आवाजाचं बटण तर लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरत होतं. फुटबॉल क्लबची पाच-सहा मंडळी बघायला आली होती. ती चपला बाहेर काढून, हात मागे बांधून उभी राहिली.

"नाद खुळा!" एक जण हळूच म्हणाला.

"मागच्या रविवारी पेठेतल्या डॉक्टरांचा डॅक मोजला. एकशे अठरा आला," नागसेन म्हणाला. "ह्यो त्याच्या म्होरं जाणार!"

"जायलाच पायजे बाबा," विश्वजितनं घाम पुसला. "आमची संयोगिता म्हणालीया, एकशे वीस आलं तर डबा हॉलमध्ये. न्हाय आलं तर उद्या डबा दुकानात आणि बुलेट दारात!"

बाबासाहेबांच्या फोटोखालच्या टेबलावर नागसेननं डॅक ठेवला. टेबलामागून आलेल्या, यंत्राच्या काळ्या वायरीच्या पिना त्यात खोचल्या आणि ऐटीत बटण दाबलं.

पडद्यावर आकडा उमटला. एकाहत्तर!

"एवढं तर माझ्या मोबाईललाबी पडतील की," मागून कुणीतरी म्हणालं. विश्वजित मटकन खुर्चीत बसला. आयुष्यभराचा शब्द पाचोळ्यासारखा उडालेला नागसेनला दिसला, आणि त्यामागं शेणाची पाटी!

"थांबा! आसपास इजेचा काय तरी तरास हाय!" त्यानं पंखा बंद केला, फ्रिज बंद केला. एकाहत्तर! टीव्हीची पिन उपसली. एकाहत्तर! तेवढ्यात शेजारून घर्रर्र असा आवाज आला, आणि नागसेनचा चेहरा उजळला.

"मिक्सर!"

आता रविवार, अकराची वेळ, आणि कोल्हापूर! घरोघरी चुलीवर मटण आणि मिक्सरमध्ये मसाला. क्लबची मंडळी शिट्ट्या फुंकत गल्लीत धावली.

"मिक्सर बंद करा! विश्वजितचं मोजायचं चाललंय!"

"आरं, मटण शिजत आलंय! आमी वाटण काय उद्या घालू?" शेजारच्या शालूबाई कडाडल्या.

"काकू, लई वांदं झाल्यात! डॉक्टरांचं एकशे अठरा हाय, आणि विश्वजितचं एकाहत्तरवर आलंय!"

शालूबाईंच्या हातातला चमचा गळाला. "एकाहत्तर! आन् शुद्धीवर हाय व्हय पोरगं?"

एकशे अठरा आणि एकाहत्तर हे आकडे ऐकल्यावर पेठेतल्या कुठल्याही बाईला दुसरं काय सुचणार? ब्लडप्रेशर! बातमी गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत विश्वजित गार पडला होता. पाच मिनिटांत सगळे मिक्सर थांबले, खालची पिठाची गिरण थांबली, आणि शालूबाई मीठ-साखरेच्या पाण्याचा तांब्या घेऊन आत घुसल्या. त्यांच्या मागोमाग संयोगिता अनवाणी धावत आली.

"अहो, काय झालं तुम्हाला?"

विश्वजित डोकं धरून बसला होताच. "संपलं सगळं," तो म्हणाला. संयोगितानं हंबरडा फोडला, आणि शालूबाईंनी निम्मा तांब्या त्याच्या तोंडात रिकामा केला.

नागसेनला मागं बघायलाही फुरसत नव्हती. त्यानं पुन्हा मोजलं. "बहात्तर! एकानं वाढलं!"

"वाढलं गं बाई!" दारातल्या बायकांनी हात जोडले.

विश्वजितला खोकला आवरून खरा प्रकार सांगायला बराच वेळ लागला. तो कळल्यावर संयोगितानं डोळे पुसले आणि डब्याकडे असं बघितलं की दुकानदारही घाबरला असता. वाटण अडलेल्या बायका नागसेनला काय काय बोलल्या, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एवढ्यात संस्थेतून बाळाबाई परतली. दारात मोपेड लावून, गर्दीतून वाट काढत ती टेबलाशी आली. सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"नागसेन, डॉक्टरच्या डब्याचा आन् ह्याचा नमुना एकाच भांड्यातनं घेतलास व्हय?"

"म्हंजे?"

"दूध चांगलं असून फॅट लागत न्हाय, तवा मी पयलं भांडं बघती. भांडं खराब असलं तर म्हशीला कशाला बोल लावायचा?"

"आत्या, यंत्र तेच, वायर तीच, सगळं तेच हाय!"

बाळाबाईनं टेबलामागं हात घालून वायर ओढून काढली, डोळ्यांजवळ धरली.

"ही ती न्हवं."

"कशावरनं?"

"ती माझ्या किटलीला हाय की!"

नागसेननं वायर तिच्या हातातून घेऊन पिना उलटसुलट बघितल्या.

"गाडीवर किटली लई हलत हुती," बाळाबाई सांगू लागली. "सोमवारी बघितलं, तुझी ही जाड, चिवट वायर! म्हटलं, बांधायला झकास हाय. तुझी अडचण नको म्हणून जुन्या डीव्हीडीची तिथंच खोचून ठेवली. काळीच हाय, लाल-पांढऱ्या पिना हायत, भोकातबी बसली!"

नागसेन बाहेर धावला. मोपेडच्या कॅरिअरवर, रिकाम्या किटलीला तीन वेढे घालून, त्याची मोजणीची खास वायर गाठ मारून बसली होती! गाठ सोडायला क्लबच्या दोघांना हात लावावा लागला. नागसेननं पिना पुसल्या, वायर जोडली आणि बटण दाबलं.

एकशे एकवीस!

शिट्ट्या वाजल्या, गिरण सुरू झाली, बावीस मिक्सर एकदम घरघरले. पडद्यावरचा आकडा तसूभरही हलला नाही! विश्वजितनं डबा छातीशी धरला. "बसवा हॉलमध्ये," संयोगिता म्हणाली, आणि हळूच ते लोण्यासारखं बटण फिरवून बघू लागली.

नागसेन मात्र आत्याकडेच बघत राहिला. डबा भारी होता, वाद नाही. पण त्यानं पंधरा वर्षं यंत्रं हाताळून जे विचारलं नाही, ते हिनं आल्या आल्या विचारलं होतं! त्याला तिचा भयंकर अभिमान वाटला. तो म्हणाला, "आत्या, माग काय मागायचं ते!"

"माझी वायर दे."

सोमवारी सकाळी सहाला पेठेनं एक दृश्य बघितलं. मोपेडवर पुढे बाळाबाई, आणि मागे भरलेली किटली दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळून नागसेन! शेण काढायचं त्याचं टळलं होतं, पण खास वायर काही त्याला सोडवेना. संस्थेच्या दारात बाळाबाईनं किटली उतरवली, दूध मोजलं, वहीत लिहिलं, आणि चष्म्यावरून भाच्याकडे बघितलं.

"वायर हुती तवा आठ दिसात थेंब सांडला न्हवता. आज पावणेदोन लिटर गेलं," ती म्हणाली. "मोजून सांगती, नागसेन. तुझ्यापरीस वायर भारी!"