टॉर्पेडो बोटीवरील बादलीची जागा

महायुद्ध संपायला सहा वर्षं पुरतात, पण त्या युद्धातली एखादी वस्तू नेमकी कुठे ठेवलेली होती हे ठरायला ऐंशीही पुरत नाहीत. हे सत्य ज्यांना उमगलं अशा अकरा गृहस्थांनी गिरगावात 'युद्धकालीन लाकडी नौका अभ्यास मंडळ' स्थापन केलं. मी त्याचा चिटणीस आहे. दर शनिवारी सायंकाळी पाच वाजता वाचनालयाच्या माडीवर आमची सभा भरते. (पंखा एकच असल्याने त्याखालची खुर्ची अध्यक्षांकडे असते.)

ऐंशी फुटी लाकडी टॉर्पेडो बोटीबद्दल आम्हांला जेवढं ठाऊक आहे, तेवढं त्या बोटीवर लढलेल्या खलाशांनाही नव्हतं. त्या बिचाऱ्यांना वेळ कुठे होता? डेकच्या दोन्ही कडांना दोन-दोन टॉर्पेडोच्या नळ्या, मशीनगनचे दोन गोल कठडे, पुढे तराफा, मागे धूर सोडणारं पिंप, गरजेनुसार आडवी पडणारी डोलकाठी, हे सगळं आम्ही झोपेतही सांगू शकतो. आमच्यापैकी प्रत्यक्ष बोटीत बसलेले तिघे. तिघेही एकदाच रेवसला गेले होते आणि तिघांनाही बोट लागली. या गोष्टीचा त्यांच्या अभ्यासावर काहीही परिणाम झालेला नाही.

मंडळाच्या मालकीचं एक काचेचं कपाट आहे. नियम नऊनुसार त्यात फक्त 'निर्विवाद' असं प्रमाणपत्र मिळालेली प्रतिकृतीच ठेवता येते. कपाट सात वर्षं रिकामं आहे आणि दर शनिवारी न चुकता पुसलं जातं.

आता जयवंत तारींबद्दल. हे करी रोडच्या चाळीत राहणारे, मूळचे मालवणकडचे, गिरणीच्या सुतारखात्यात आयुष्य काढलेले. वय अठ्ठ्याहत्तर. आमचे सभासद नव्हेत, कारण सभासदत्वाच्या अर्जात 'प्रकाशित लेखन' असा रकाना आहे आणि त्यांनी तिथे 'खिडक्या, दारं' असं लिहिलं. या गृहस्थांनी चाळीच्या गॅलरीत बसून चार वर्षांत पाच फुटी टॉर्पेडो बोट बनवली. मूळ बोटीत फळ्यांचे दोन थर आणि मध्ये चिकटवलेलं कापड असे. जयवंतरावांनी मध्ये त्यांच्या बंद पडलेल्या गिरणीचं कोरं कापड घातलं. शेवटच्या दिवशी मिळालेला तुकडा, इतकी वर्षं ट्रंकेत जपलेला.

अडचण अशी की चाळ पाडायची ठरली. तीस एप्रिलपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. टॉवर होईपर्यंत राहायला मिळालेल्या घरात माणसं चार, कपाटं दोन, आणि पाच फुटी बोटीला जागा शून्य. जयवंतरावांनी मंडळाला पत्र लिहिलं : बोट तुमच्या कपाटात ठेवून घ्या.

फेब्रुवारीत अध्यक्ष रघुवीर आजगावकर (विमा कार्यालयातून निवृत्त; दावे नामंजूर करण्याचा एकतीस वर्षांचा अनुभव) यांच्या नेतृत्वाखाली पाहणी पथक करी रोडला गेलं. सोबत भिंग, फूटपट्टी आणि मंडळाकडचं एकमेव अस्सल छायाचित्र होतं. दोन तास तपासणी झाली, दोनदा चहा झाला. नळ्या बरोबर, कठडे बरोबर, पिंप बरोबर. मग रघुवीररावांनी भिंग छायाचित्रावर धरलं आणि म्हणाले, बादली कुठे आहे?

छायाचित्रात डेकच्या मधोमध, धुराच्या पिंपापासून बरीच पुढे, एक बादली आहे. ती आग विझवण्याची की बोट लागलेल्यांसाठीची, यावर आम्ही आजवर सव्वीस सभा घेतल्या आहेत. (दुसऱ्या मताचे तिघे.) जयवंतरावांनी भिंगाशिवायच फोटो पाहिला.

"अहो, डेक धुतला असंल कोणीतरी," ते म्हणाले. "बादली उचलायची ऱ्हवली."

हे मत इतिवृत्तात नोंदवून पुढे 'निराधार, छायाचित्रात फडके आढळत नाही' असा शेरा मारण्यात आला.

पुढच्या शनिवारी जयवंतरावांनी डब्याच्या पत्र्याची बोटाच्या पेराएवढी बादली करून आणली, कडीसकट. मग प्रश्न आला तिच्या जागेचा. अगदी मध्यावर, की चिमूटभर डावीकडे? छायाचित्र उलटं छापलेलं असल्यास चिमूटभर उजवीकडे? उपसमिती नेमणं भाग होतं. मार्च तिच्या नेमणुकीत गेला. एप्रिलमध्ये जयवंतराव पुन्हा माडी चढून आले आणि दम लागल्यामुळे जरा वेळ कठड्याला धरून उभे राहिले.

"रघुवीरराव, बादली तुम्ही सांगाल तिथं ठेवतो. बोट तेवढी ठेवून घ्या."

रघुवीररावांचे डोळे पाणावले. (माझेही. आम्ही दगड नाही.) पण उद्या कोणी विचारलं तर मंडळाने काय उत्तर द्यायचं, असं ते म्हणाले. विषय एप्रिलच्या अखेरच्या शनिवारी घ्यायचा ठरला. त्या शनिवारी वाचनालयात पेस्ट कंट्रोल होतं.

मे महिन्यात जयवंतरावांची नात रुचा आम्हांला कळवायला आली. ती बँकेत आहे, मोजकं बोलते. घर बदललं, बोट कपाटावर मावेना, म्हणून आजोबांनी ती मधोमध कापली. आता एकेका कपाटावर अर्धी-अर्धी आहे.

"करवत त्यांनीच चालवली. मला फक्त धरायला सांगितलं. मधे थांबले नाहीत."

मग रुचाने फोनवर फोटो दाखवला आणि रघुवीररावांनी भिंग काढलं. कापलेल्या जागी फळ्यांचे दोन्ही थर स्वच्छ दिसत होते, आणि मध्ये गिरणीच्या कापडाची पांढरी रेघ. बोटीच्या अंगाचा असा आडवा छेद आमच्यापैकी कोणीही जन्मात पाहिला नव्हता. करवत नेमकी बादलीच्या जागेवरून गेल्याने तो वादही उरला नव्हता. अकरा मिनिटांत ठराव एकमताने मंजूर झाला. निर्विवाद.

प्रमाणपत्र घेताना जयवंतराव म्हणाले की आता जागा झालीच आहे, तर दोन दिवस द्या, बोट जोडून देतो, सांधा दिसणारही नाही. सरस त्यांनी पिशवीतून सोबतच आणला होता. आम्ही त्यांना समजावलं की प्रमाणपत्र कापलेल्या बोटीला आहे; जोडल्यास नव्याने अर्ज करावा लागेल. त्यांनी मान हलवली आणि पिशवी मिटली. समजूतदार माणूस.

बोट सध्या कपाटात आहे, दोन तुकड्यांत चार इंचांचं अंतर ठेवून, म्हणजे आतलं दिसतं. दर शनिवारी जयवंतराव येतात आणि कपाटाशेजारी स्टुलावर बसतात. आजवर चारशे बारा रसिक येऊन गेले. सगळ्यांनी वहीत लिहिलं, 'छेद अप्रतिम.' कापली का, हे कोणी लिहून विचारलं नाही, तोंडीही नाही.

आपणही अवश्य यावं. एवढं वाचलंत म्हणजे आपण रसिक आहात. आणि अप्रतिम काय आहे ते आपल्याला मघाशीच पटलं असेल, बोट कापली गेली त्याच्या पुढच्याच परिच्छेदात. म्हणून अभिप्राय आम्ही वहीत आधीच छापून घेतला आहे. आपण फक्त सही करा.