चित्त्याने गाडी ट्यून केली

एका जंगलात, बाळांनो, एकच डांबरी रस्ता होता आणि त्या रस्त्यावर एकच स्पोर्ट्स कार होती. गाडी लालभडक होती, बसकी होती आणि तिला दारं दोनच होती. ती एका चित्त्याची होती.

आता तुमच्यातला एखादा हुशार हात वर करून विचारेल, की चित्त्याला गाडी कशाला? हात खाली घे, बाळा. ज्याला मुळात पळता येतं त्यालाच गाडीचा मोह होतो. गोगलगाईने कधी शोरूमची पायरी चढल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

चित्त्याचं नाव दौडोजीराव. बायकोचं नाव ठिपकाबाई. दोन बछडे होते आणि राहायला पाणवठ्याजवळची गुहा होती. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, पाणी दारात. अशी गुहा साऱ्या जंगलात दुसरी नव्हती.

पण ती मालकीची नव्हती, मानाची होती. दर वर्षी माघात वनराजांच्या खडकाशी जत्रा भरायची. जत्रेच्या दिवशी उजाडताच पाणवठ्यापासून खडकापर्यंत शर्यत लागायची. जे घराणं आधी पोहोचेल त्याला मानाचा नारळ आणि वर्षभर गुहा. घराण्यातल्या कोणीही यावं, कसंही यावं, आधी यावं म्हणजे झालं. जत्रेत कोणी कोणाला खायचं नाही असाही नियम होता, नाहीतर चित्त्याबरोबर पळायला आलं कोण असतं?

आजवर नारळ चित्त्याच्याच घराण्यात होता. दौडोजीरावांचे आजोबा पळाले, वडील पळाले, तरुणपणी दौडोजीरावही पळाले. काळवीट दर वर्षी थोडक्यात दुसरा यायचा आणि जाता जाता म्हणायचा, की गुहा मिळाली तर आपण तिथे लॉज काढणार. ठिपकाबाईला हे ऐकून धास्ती वाटायची. गुहा गेली तर बछड्यांना घेऊन करवंदीच्या जाळीत राहावं लागलं असतं, आणि तरसं तर टपूनच होती.

गाडी आली आणि दौडोजीराव पळायचे थांबले. शिकारीला ते गाडीने जाऊ लागले. आवाज ऐकून हरणं शेजारच्या जंगलात निघून जात, आणि दौडोजीराव रिकाम्या हातांनी पण प्रसन्न चेहऱ्याने परत येत. मग ठिपकाबाई बछड्यांना निजवून पायीच बाहेर पडायची आणि रान तुडवून काहीतरी घेऊन यायची. जेवताना दौडोजीराव तिला गाडीचं ॲव्हरेज सांगायचे.

जत्रा जवळ आली तसं ठिपकाबाईने नवऱ्याला सुचवून पाहिलं, की सकाळी जरा पळायचा सराव करावा. दौडोजीराव हसले. यंदा आपण गाडीने येणार, असं त्यांनी सगळ्या जंगलाला सांगून टाकलं होतं. काळविटाला चार पाय होते, गाडीला चार चाकं. हिशोब सरळ होता.

तो सरळच राहिला असता, पण वाटेत अस्वलाचं गॅरेज होतं.

अस्वल मिस्त्री मोठा गोड बोलायचा. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर कान ठेवला आणि हळहळला. म्हणाला, की कंपनीवाले इंजिनाला आवळून ठेवतात हो, बिचारीचा जीव गुदमरतोय. आपण फक्त गाठ सोडायची. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले चार आकडे बदलायचे, सायलेन्सर मोकळा करायचा, की गाडी अशी सुटेल की तिची सावली मागे राहील.

आपली गाडी गुदमरते आहे हे कळल्यापासून दौडोजीरावांना जेवण गोड लागेना. बछड्याला सर्दी झाली होती तेव्हा त्यांना गोड लागत होतं, हे आपलं मी सहज सांगितलं.

त्यांनी गाडी ट्यून करून घेतली. मोबदला म्हणून ठिपकाबाईच्या माहेरहून आलेलं मधाचं मडकं अस्वलाकडे गेलं. गाडी आता सुरू झाली की गुरगुरायची आणि ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटाके उडवायची. वेग किती वाढला हे मात्र कोणालाच कळलं नाही. पंचायतीच्या प्रत्येक सभासदाने आपापल्या बिळासमोर एक गतिरोधक घालून घेतला होता, आणि पंचायतीला सभासद पुष्कळ होते. बसकी गाडी प्रत्येक गतिरोधकावरून तिरकी, पोट सांभाळत, गर्भारशीसारखी न्यावी लागायची.

मग अस्वल म्हणाला, की ट्यूनिंग झालं पण इंधन जुनंच राहिलं तर काय उपयोग? पैलवानाला तालीम द्यायची आणि खुराक पेजेचा? गाडीला आता इथेनॉलच पाहिजे.

इथेनॉल हत्तीकडे मिळायचं. हत्ती हा जंगलच्या साखर कारखान्याचा चेअरमन. संचालक मंडळावर सगळे हत्तीच असल्यामुळे निम्मा ऊस कारखान्याच्या फाटकातच संपायचा. उरलेल्या उसाची साखर व्हायची आणि मळीचं इथेनॉल. जंगलातला एकुलता एक पंपही चेअरमनसाहेबांचाच होता. इथेनॉल सुरू झालं त्या दिवशी त्यांनी पेट्रोलची टाकी बंद करून तिच्यावर स्वतःचा फोटो लावला.

चेअरमनसाहेबांनी दौडोजीरावांना सोंडेने जवळ घेतलं. इथेनॉल थंड जळतं, दमदार जळतं आणि आपल्या मातीतलं असतं, असं समजावून सांगितलं. गाडी जरा जास्त पिते का, असं दौडोजीरावांनी भीत भीत विचारलं. साहेब म्हणाले, पिते ना, पण जितकी पिते तितकी जंगलाची प्रगती होते. मग त्यांनी टाकी काठोकाठ भरली आणि दौडोजीरावांबरोबर एक फोटो काढला.

खरं सांगायचं तर, बाळांनो, दोघंही अगदीच खोटं बोलत नव्हते. इथेनॉलवर गाडीला खरोखर जोर आला. भर दुपारी, मोकळ्या माळावर दौडोजीरावांनी ती पळवून पाहिली तेव्हा माळावरच्या टिटव्या दोन दिवस अंड्यांवर बसल्या नाहीत. फक्त प्रत्येक चाचणी दुपारीच झाली. अस्वल दुपारशिवाय उठायचा नाही आणि दौडोजीरावांनाही गाडी आल्यापासून उशिरा उठायची सवय लागली होती. इथेनॉलला थंडीत पेटायचा कंटाळा असतो, ही गोष्ट सांगायची राहूनच गेली. कोणी विचारलीच नव्हती.

जत्रेचा दिवस उजाडला. माघाची थंडी अशी होती की पाणवठ्यावर बेडूकसुद्धा ओरडत नव्हते. सगळं जंगल गोळा झालं. काळवीट खूर आपटत उभा होता. दौडोजीराव गॉगल लावून गाडीत बसले. शेजारी, पट्टा लावून, अस्वल मिस्त्री. मागे बछड्यांना घेऊन ठिपकाबाई.

माकडाने शिंग फुंकलं. काळवीट सुटला. दौडोजीरावांनी स्टार्टर मारला.

गाडी म्हणाली, खिर्रर्र.

पुन्हा मारला. पुन्हा खिर्रर्र. अस्वलाने शांतपणे सांगितलं, की काही नाही, ऊन येऊ द्या जरा, गाडी गरम झाली की बघा. कोणी म्हणालं, थोडं पेट्रोल शिंपडा. पेट्रोल कुठलं? टाकीवर चेअरमनसाहेब हसत होते. कोणी म्हणालं, गरम पाणी ओता. शेवटी, आपल्याकडे सगळ्यांच्या मनात जो उपाय आधीच असतो तोच ठरला. धक्का मारायचा.

ठिपकाबाई, दोन बछडे आणि दोन रेडे मागून धक्का मारू लागले. गाडी पहिल्या गतिरोधकापर्यंत गेली आणि तिथेच पोट टेकून बसली. काळवीट लांबच्या वळणावर बोटाएवढा दिसत होता. ठिपकाबाई धावत खिडकीशी गेली.

"अहो, उतरा आणि पळा. अजून गाठाल तुम्ही त्याला."

दौडोजीरावांनी गॉगल वर केला. त्यांना खरोखर वाईट वाटलं, की इतक्या वर्षांच्या संसारानंतरही बायकोला आपली स्थिती समजू नये.

"अगं, एवढी गाडी असताना पायी पळू? चारचौघांत कसं दिसेल ते? तू जोर लाव."

ठिपकाबाई मागे गेली. तिने बछड्यांकडे पाहिलं. थोरला दात विचकून धक्का मारत होता, धाकट्याचे पंजे डांबरावर घसरत होते. तिला करवंदीची जाळी दिसली, जाळीबाहेरची तरसं दिसली आणि मग तिला भयंकर राग आला. नवऱ्याचा आला, गाडीचा आला, आपण इतके दिवस गप्प बसलो याचाही आला. तिने बछड्यांना रेड्यांच्या हवाली केलं आणि गाडीवरचे हात काढले.

खिडकीशेजारून काहीतरी पिवळं सणकन गेलेलं दौडोजीरावांना दिसलं. त्यांनी डोकं बाहेर काढून हाक मारली.

"अगं, धक्का मागून देतात, पुढून नाही."

ऐकायला ती होती कुठे? गाडी आल्यापासून घरची चूल तिच्या पायांवर चालली होती. रोज पळणाऱ्याला एक दिवस जास्त पळायला काय लागतं? तिने वळणावर काळवीट गाठला, ओढ्याशी त्याच्या बरोबरीला आली आणि खडकाच्या पायरीला त्याच्या आधी अर्ध्या शेपटीने पंजा लावला. मग ती तिथेच आडवी झाली. गुहा वाचली होती. तिला रडू येत होतं, पण दम लागल्यामुळे रडताही येईना.

ऊन चढलं तशी गाडी सुरू झाली. गतिरोधकामागून गतिरोधक तिरके ओलांडत, फटाके उडवत, मागच्या बाजूला रेड्यांच्या पाठीवर बछडे, असे दौडोजीराव वाजतगाजत खडकाशी आले. नारळ घराण्याचा म्हणून रिवाजाप्रमाणे तो कर्त्या पुरुषाच्या हाती दिला गेला. दौडोजीरावांनी भाषण केलं. या विजयाचं श्रेय त्यांनी अस्वल मिस्त्रींच्या ट्यूनिंगला आणि चेअरमनसाहेबांच्या इथेनॉलला दिलं. टाळ्या पडल्या. कुटुंबाचाही वाटा आहे, असंही ते म्हणाले, पण नेमका तेव्हाच सायलेन्सरचा फटाका उडाला.

दुसऱ्या दिवशी, न खाण्याचा नियम उठायच्या आत, काळवीट गुहेच्या दारात आला. लॉज राहिला बाजूला, त्याचा चेहरा उतरला होता. दौडोजीराव गाडी पुसत होते म्हणून त्याने ठिपकाबाईलाच गाठलं.

"वहिनी, तुम्ही घरच्याच, म्हणून विचारतो. त्या ट्यूनिंगचा आणि इथेनॉलचा खरंच काही फायदा होतो का? अस्वल म्हणतो, मीही एक गाडी घ्यावी."

ठिपकाबाईने काळविटाचे पाय पाहिले. लांब, सडपातळ, वाऱ्यासारखे पाय. काल ओढ्याशी त्यांनी तिचा जीव काढला होता. ती अगदी मनापासून हसली.

"फार फायदा होतो, भाऊजी. आमची गुहा राहिली ती त्यामुळेच. तुम्ही तर करूनच घ्या. आणि एकदा गाडी घेतलीत, की पायी म्हणून फिरू नका बरं, लोक हसतात."

काळवीट तडक गॅरेजकडे गेला. ठिपकाबाईने बछड्यांना उठवलं आणि पळायला घेऊन गेली.

तात्पर्य : इंजिनाचं ट्यूनिंग आणि इथेनॉल, दोन्ही निःसंशय फायद्याची असतात. फक्त ती प्रतिस्पर्ध्याच्या गाडीत असावीत.