पंखा चारवर

गाडीचा पंखा बंद पडला, तेव्हा चष्मेवाल्यांना पहिल्यांदा कळलं की आपली बायको गाडीत नेमकं काय बोलते.

बोलते हे ठाऊक होतं. ओठ हलताना दिसायचे. पण तो पंखा चारवर केला की असा घरघरायचा की सिग्नलला शेजारचे लोक काचा वर करून घ्यायचे. त्यामुळे चष्मेवाल्यांनी एक सोयीची पद्धत पाडून घेतली होती. नजर रस्त्यावर ठेवायची आणि ओठ थांबले की "हो" म्हणायचं. बायको सगळ्या नातेवाइकांना सांगायची, "आमच्या ह्यांच्यासारखा ऐकून घेणारा नवरा मिळायला भाग्य लागतं!" आणि हे ऐकताना चष्मेवाल्यांची कॉलर आपोआप ताठ व्हायची.

त्या दिवशी सकाळी दुकानाकडे निघताना बायकोने बटण फिरवलं. एक, दोन, तीन, चार. पंखा ढिम्म. गाडीत शांतता पसरली आणि त्या शांततेत बायको म्हणाली, "मग रविवारी सुरुवात करायची ना?"

"कशाला?"

"अहो, कशाला काय? मला गाडी शिकवायला! तीनदा हो म्हणालात. शिकाऊ परवानासुद्धा काढला मी."

चष्मेवाल्यांना दरदरून घाम फुटला. पंखा बंद होता हे एक कारण. दुसरं म्हणजे, ज्या गाडीचं पुसायचं फडकंही ते कुणाच्या हाती देत नसत, ती गाडी रविवारी बायकोच्या हातात जाणार होती. बरं, नाही म्हणावं तर आजवर आपण एक अक्षर ऐकलेलं नाही हे कबूल करावं लागणार. गाडी जाणार की अब्रू, एवढाच प्रश्न होता.

"शिकवणारच की!" ते घाईघाईने म्हणाले. "पण आधी पंखा दुरुस्त व्हायला हवा. काचेवर वाफ धरते. शिकाऊ माणसाला समोरचं दिसायला नको? मी बघतो सवडीने."

"हात्तिच्या, एवढंच ना?"

सवड काही मिळाली नाही. संध्याकाळी ते घरी येतात तोच बायको टॉर्च घेऊन गाडीपाशी हजर. तिने फ्यूज उपसून त्यांच्या पुढे धरला. चष्मेवाल्यांनी त्यावर ओझरती नजर टाकली आणि "जळालाय! मोठा बिघाड दिसतो," असं जाहीर केलं.

"आधी चष्मा लावा," बायको म्हणाली. फ्यूजची तार अखंड होती.

मग ती डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवी झाली. पायातली चप्पल काढून तिने पंख्याच्या डब्यावर दोन ठोके दिले. पंखा एकदा घर्र करून खोकला आणि पुन्हा गप्प झाला.

"मोटर गेली," आतून आवाज आला. "कार्बन झिजले असणार. माझ्या शिलाई मशीनचं असंच झालं होतं. नवी आणा."

"एवढ्या जुन्या गाडीची मोटर आता कुठली मिळायला!" चष्मेवाले आशेने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः स्पेअर पार्टच्या दुकानात गेले आणि त्यांनी प्रश्नच असा विचारला, "मोटर नसेलच ना हो तुमच्याकडे?"

"नसून कसं चालेल?" दुकानदार म्हणाला. "वहिनींचा सकाळीच फोन आला होता. बांधून ठेवलीय."

मोटर बसवायला बायकोला फार वेळ लागला नाही. चष्मेवाले कडेला उभे राहून गाडीत काही चुकतंय का हे डोळ्यांत तेल घालून पाहत होते. एकदम ते ओरडले, "स्क्रू उरला! बघ, खाली पडलाय. आता ही गाडी हलवायची नाही!"

बायकोने तो चिमुकला स्क्रू उचलला. "अहो, हा तुमच्या चष्म्याचा. काडी लोंबतेय बघा."

रविवार उजाडला. मोकळ्या मैदानात बायको स्टिअरिंगमागे बसली. शेजारी चष्मेवाले दोन्ही हातांनी हँडब्रेक घट्ट धरून बसले होते. बायकोने गाडी सुरू केली, सवयीने पंखा चारवर केला आणि वाऱ्याचा झोत तोंडावर येताच समोर बघत बोलायला लागली.

मोटर नवी कोरी होती. तिचा आवाज म्हणून येत नव्हता, पण बोलण्याच्या नादात बायकोच्या ते ध्यानातच आलं नाही. चष्मेवाल्यांना शब्द न् शब्द ऐकू आला.

"मला ठाऊक आहे हो, तुम्हाला काही ऐकू येत नसतं. म्हणून तर चारवर करून विचारलं. समोरासमोर विचारलं असतं आणि तुम्ही नाही म्हणाला असतात, तर पुन्हा विचारायचा धीर नसता झाला मला. एवढा हट्ट केला, आणि नाहीच जमलं तर? हसाल का हो मला?"

ती थांबली. आता नेहमीचा "हो" यायचा होता.

चष्मेवाल्यांना आता उमगलं. इतकी वर्षं ही बाई आपल्याला सांभाळून घेत होती, आणि आपण मात्र एका गाडीपायी तिला टोलवत होतो. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि तिची फार माया आली.

"नाही," ते म्हणाले.

बायको दचकली. तिने पंख्याचं बटण पाहिलं. ते चारवरच होतं. ती कानापर्यंत लाल झाली.

"सगळं ऐकलंत?"

"सगळं. आता क्लच दाब," चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी हँडब्रेकवरचे दोन्ही हात काढून घेतले.

गाडीने एक जोराचा गचका दिला आणि ती बंद पडली. चष्मेवाल्यांनी ओठ घट्ट मिटून समोर पाहिलं. शब्द दिला होता. पण बायकोलाच हसू आवरेना.