दोनशे बारा पुसट आकडे

कोचाबांबा शहरात लेझरनं अक्षरं कोरणारी मशिनं किती आहेत ते देव जाणे, पण त्यातलं एकही माझ्यापासून काही लपवू शकत नाही. मी कासियानो ओरेयाना. बाकीचे दुरुस्ती करतात, मी तपास करतो. माझ्या कार्डावर नावाखाली ठळक अक्षरांत ‘यंत्र-गुन्हे अन्वेषक’ असं छापलंय. बायको म्हणते, ‘मिस्त्री’ छापलं असतं तर शाई वाचली असती. असो, मोठ्या माणसांची घरात कदर नसतेच.

मंगळवारी सकाळी निल्दाचा फोन आला. तिच्या छोट्या कारखान्यातलं मशीन मीच बसवलेलं.

“कासियानो, पळत ये. स्टीलवर आकडे पुसट उमटताहेत.”

“कशाला हात लावू नकोस. पुरावे नष्ट होतात.”

“पुरावे गेले खड्ड्यात. तू ये आधी!”

गेलो. मशीनशेजारी स्टुलावर, मांडीवर हॅट ठेवून, दोन वेण्यांची एक म्हातारी ठाण मांडून बसली होती. दोन्या प्रिमितिवा, म्हणजे प्रिमितिवाबाई, दक्षिणेकडच्या टेकडीवरच्या पाणी समितीची अध्यक्ष. अकरा वर्षं टँकरच्या पाण्यावर काढल्यावर तिच्या वस्तीत नळ आले होते. गुरुवारी सरकारी साहेब येणार, आणि ज्या मीटरवर नंबराची पाटी नीट वाचता येणार नाही त्याचा नळ उघडणार नाही. त्याची पुढची फेरी थेट डिसेंबरात. मीटर दोनशे बारा.

“पाट्या घेतल्याशिवाय मी उठायची नाही,” ती म्हणाली.

“दोन्या, आता मी आलोय,” मी म्हणालो. तिच्या चेहऱ्यावर काही फारसा दिलासा दिसला नाही.

मी डोळे मिटले, नाकानं हवा ओढली आणि जाहीर केलं, “वीज! शेजारचा वेल्डिंगवाला तुमची वीज ओढतोय.” तासभर त्याचं काम बंद पाडलं. त्यानं माझ्या खानदानाचा उद्धार केला आणि आकडे होते तसेच पुसट राहिले.

“मग पत्रा बनावट आहे.”

“अरे, याच पत्र्यावर गेल्या आठवड्यात झकास उमटत होतं!” निल्दा म्हणाली.

“म्हणजे कुणीतरी आत शिरून मशीनची मापं बदलली. किल्ली कोणाकडे असते?”

“माझ्याकडे.”

“आणखी कोणाकडे?”

“कोणाकडेच नाही.”

मी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिनं हातातला पाना उचलला. मी तिला संशयितांच्या यादीतून तिथल्या तिथे वगळलं.

आता मशीनच उघडणं भाग होतं. पंखा काढला, वायरी हलवल्या, सगळं पुन्हा बसवलं. दोन स्क्रू उरले. कंपनीनं जास्तीचे दिले असणार. आकडे मात्र आणखी पुसट आले की काय, असं मला वाटू लागलं. दुपार टळत आली आणि खरं सांगायचं तर माझी चांगलीच तंतरली. म्हातारी घड्याळाकडे बघायची, मग माझ्याकडे. नळ डिसेंबरवर गेला तर तिला तोंड कसं दाखवायचं?

तेवढ्यात तिनं चष्मा काढून पदरासारख्या शालीला पुसला.

“शुक्रवारपासून मलाही सगळं पुसटच दिसत होतं,” ती म्हणाली. “पाट्यांची ऑर्डर द्यायला आले तेव्हा इथं त्या धुरात उभी होते ना. काल सुनेनं चष्मा घासून धुतला, तेव्हा कळलं तिचं स्वयंपाकघर किती कळकट आहे ते.” मग तिनं हनुवटीनं मशीनकडे खूण केली. “याचा डोळा पुसला का कुणी?”

निल्दानं बॅटरी मारली. भिंगावर पिवळट, तेलकट थर!

ऑगस्टचा पहिला शुक्रवार. त्या दिवशी अख्खं शहर धरणीमातेला, पाचामामाला, धूप घालतं. निखाऱ्यांवर वनस्पती, साखरेच्या वड्या, लामा नावाच्या प्राण्याची चरबी.

“पण मी तर दरवेळी दारातूनच धूप दाखवते,” निल्दा म्हणाली आणि एकदम थांबली. “कासियानो, या वेळी धुपाटणं कोणाच्या हातात होतं?”

मी छताकडे पाहिलं.

“‘मशीन माझ्या हातचं आहे, आशीर्वाद जवळून मिळाला पाहिजे,’ असं कोण म्हणालं होतं?”

मीच. भिंगाच्या बरोब्बर खाली धुपाटणं धरून मी लांबलचक प्रार्थना केली होती, माझ्या धंद्याच्या बरकतीसकट. मशीनला ठसका लागायचाच काय तो बाकी होता. गुन्हेगार सापडला आणि त्याचं कार्ड माझ्याच खिशात होतं! इतकी लाज वाटली की विचारू नका.

खास कागद, दोन थेंब अल्कोहोल, तीन मिनिटं. पहिली पाटी काळीभोर उमटली. ‘१. प्रिमितिवा कोल्के.’ तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं आणि दुसरी लावायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत दोनशे बारा झाल्या. त्या दिवसाची मजुरी मागायची माझी काही हिंमत झाली नाही.

गुरुवारी साहेबानं पाट्या वाचल्या आणि पहिला नळ उघडला. नळ खोकला, फुरफुरला, आणि लालभडक गढूळ पाणी आलं. मी पुढे सरसावलो.

“मंडळी, याची तीन कारणं संभवतात. पहिलं म्हणजे—”

“इंजिनियर,” दोन्या प्रिमितिवा म्हणाली, “जरा गप बसा. वाहू द्या ते.”

वाहिलं. लालचं पिवळं झालं, मग बादलीचा तळ दिसू लागला. तिनं पहिली ओंजळ धरणीमातेसाठी जमिनीवर सोडली, दुसरी तोंडावर मारली. ती रडत होती. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला कारण विचारलं नाही.