हुक्केरीकरांची एकुलती एक धून

हुक्केरीकरांना गिटारवर एकच धून येत होती, आणि ती त्यांना दर वेळी 'सहज आठवायची'.

कोणी चहाला बोलावलं की ते गिटार घेऊन यायचे. पेटी दाराशी ठेवायची आणि तिच्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही, जणू ती दुसऱ्याच कुणाची तिथं राहून गेलीय. मग चहा व्हायचा, चिवडा व्हायचा, बंगळूरच्या हवेची स्तुती व्हायची. शेवटी घरातलं कोणीतरी भिडेखातर विचारायचं, "आज गिटार आणलीय वाटतं?" हुक्केरीकर दचकल्यासारखं करायचे. "अरे, होय की ओ! आता आलीच आहे तर... सहज एक आठवलं बघा, तेवढं वाजवतो. स्वल्प श्रुती लावू द्या."

हा 'स्वल्प' अर्ध्या तासाचा असे.

मी बंगळूरला आलो ते पन्नासचं दशक संपता संपता. सरकारी कारखान्यात इंजिनिअरची नोकरी, आणि मल्लेश्वरममधल्या एका वठारात दोन खोल्या. वठार म्हणजे एका अंगणाभोवती ओळीनं आठ घरं आणि सगळ्यांत मिळून एक नळ. सहा घरं कानडी किंवा तमिळ. उरलेल्या दोनांत एक माझं, आणि माझ्या भिंतीला भिंत लागून हुक्केरीकरांची खोली. तेव्हा मराठी शेजार मिळाला म्हणून मी सत्यनारायण घातला होता. घाई केली.

मधुकर हुक्केरीकर मूळचे बेळगावकडचे. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, एकटा जीव. तार ऑफिसात नोकरी. पहाटेची पाळी, दुपारी एकला घरी. पाळीभर लोकांना सांगायचं की दहा शब्दांत आटपा, 'प्रिय' काढा, 'नमस्कार' काढा. आणि संध्याकाळी स्वतः मात्र एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जायला माणूस बेळगावहून धारवाडला जाईल एवढा वेळ घ्यायचा.

त्यांची गिटार हवाईयन. त्या काळात तिचं फार खूळ होतं. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात पोलादी दांडी धरायची आणि ती तारांवरून घसरवत न्यायची. धून त्यांना कॉक्स टाऊनमधल्या एका म्हाताऱ्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरनं शिकवली होती. तिचं इंग्रजी नाव हुक्केरीकर सांगत नसत. आमच्यासाठी त्यांनी स्वतः नामकरण केलं होतं, 'नावाड्याची संध्याकाळ'. पण हे नाव फक्त नेहमीच्या प्रसंगी. वडीलधारी मंडळी समोर असली की तेच 'पहाडीच्या अंगानं काहीतरी' व्हायचं. कानडी शेजाऱ्यांच्या मुंजीत ते 'देवरनाम', म्हणजे भजन, 'स्वल्प वेगळ्या चालीचं' झालं. आणि आमच्या मराठी मंडळाचे जुने अध्यक्ष वारले तेव्हा शोकसभेत हुक्केरीकर उठून म्हणाले, "शब्द अपुरे आहेत. 'आत्म्याचा प्रवास' वाजवतो." आत्मा त्याच वाटेनं, त्याच वळणांवर थांबत गेला. अध्यक्षांच्या पत्नीनं शेवटी माझ्या बायकोला विचारलं, "हे मागच्या कोजागिरीला झालं होतं तेच का गं?"

खोटं कशाला सांगू, वाजवायचे छान. एकच गोष्ट वीस वर्षं केली की ती छान येतेच. शेवटचा सूर लांबवत न्यायचे, मग हात अलगद वर उचलायचे आणि डोळे मिटायचे. डावा डोळा पूर्ण मिटत नसे. त्या फटीतून ते कोण कोण भारावलंय ते मोजून घ्यायचे.

एकदा मंडळाची सहल हेब्बाळच्या तळ्यावर गेली. भर दुपारी बारा वाजता तिथं नावाड्याची संध्याकाळ झाली. तळ्यातली बदकं उडून गेली. आम्हाला पंख नव्हते.

धुनीनं त्यांचं एक लग्नही मोडलं होतं. हे त्यांनीच मला सांगितलं. मुलगी पाहायला हुबळीला गेले होते, अर्थातच पेटी घेऊन. धून झाली. सगळे वाहवा म्हणाले. मुलगीही म्हणाली, "छान आहे. आता दुसरं एखादं?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय! आम्ही गाडी आहे म्हणून उठलो. एवढ्यातेवढ्यावर प्रश्न विचारणारी मुलगी संसाराला चालत नाही, सेक्रेटरी."

मी मंडळाचा सेक्रेटरी होतो, म्हणून ते मला नावानं हाक मारत नसत.

हाच प्रश्न त्यांना रेडिओच्या परीक्षेतही आला. महिनाभर तयारी करून, चिकपेटेतून नवा कोट शिवून ते गेले. काचेपलीकडच्या माणसांनी धून ऐकली आणि म्हणाले, आता आणखी एक. हुक्केरीकरांनी तीच धून निम्म्या गतीनं वाजवली. "हे तिचं विलंबित," म्हणून सांगितलं. पुढं नकाराचं पत्र आलं. ते त्यांनी वठारात सगळ्यांना दाखवलं. "कागद बघा कसला भारी वापरतात," म्हणाले.

त्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमातून मी त्यांना काढलं.

काढलं म्हणजे, नाव छापलं नाही. पुण्याहून गायिका येणार होती, वेळ कमी होता, अशी कारणं मी मनात तयार ठेवली होती. खरं कारण, कमिटीतले सगळे मला हात जोडून म्हणाले होते, "यंदा तरी नावाड्याला सुट्टी द्या." छापील पत्रिका घेऊन मी त्यांच्या दारात गेलो. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, उलटून मागचा कोरा भाग पाहिला आणि घडी करून खिशात ठेवली.

"छपाई सुबक आलीय," ते म्हणाले. "सतरंज्या घालायला माणूस लागेल की?"

पाचही दिवस त्यांनी सतरंज्या घातल्या आणि उचलल्या. मी सुटलो, असं मला वाटलं. दोन दिवस कारखान्यात मी ही हकीगत रंगवून सांगत होतो. लोक हसत होते.

दिवाळीच्या आधी बायको बाळंतपणासाठी कोल्हापूरला माहेरी गेली आणि माझ्या जेवणाचे हाल नकोत म्हणून आई मिरजेजवळच्या आमच्या गावाहून आली. वडील जाऊन वर्ष झालं होतं. तिला कानडीचा एक शब्द येत नव्हता. पहिले चार दिवस नळावर ती सगळ्यांशी मराठीतच बोलली. शेजारच्या अक्का हसून मान डोलवायच्या, तीही हसायची. मग दोन्हीकडचं हसणं संपलं. मी सकाळी साडेसहाला कारखान्याची बस पकडायचो तो संध्याकाळी सहाला यायचो. मी आलो की ती ताट वाढायची आणि समोर बसून राहायची. एक दिवस म्हणाली, "मला गावाला पोचव. इथं दिवसभरात तोंड उघडायचं तर जांभईपुरतंच."

मी म्हटलं, "बघू, रजा मिळाली की." रजा मी मागितलीच नव्हती. डबा कोण करणार?

पुढं पंधराएक दिवसांत तिनं तो विषय काढायचं सोडलं. चेहराही जरा फुलल्यासारखा वाटायला लागला. एकदा तर भाकरी थापताना मला तिच्या ओठांतून काहीतरी गुणगुण ऐकू आली. मला पाहून ती थांबली. मी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं, आईला बंगळूरची हवा मानवली. बंगळूरच्या हवेला फुकटचं श्रेय घ्यायची सवयच आहे.

एक दिवस आमच्या विभागातलं मोठं यंत्र बंद पडलं आणि आम्हाला दुपारीच सोडलं. अडीचच्या सुमारास मी वठारात शिरलो. अंगणात कोणी नव्हतं. माझ्या घराचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून गिटारचा आवाज येत होता.

मी कपाळाला हात लावला. मंडळात बंदी झाली तर या माणसानं माझी म्हातारी गाठली!

पण दोन पावलं पुढं गेलो आणि थबकलो. ही ती धून नव्हती. हे काहीतरी भलतंच होतं, आणि फार वाईट वाजत होतं. सूर चढायचा, चुकायचा, कर्कश्श घसरत कुठंतरी जाऊन पडायचा. पुन्हा पहिल्यापासून. शिकाऊ माणूस वाजवतो तसं. हुक्केरीकर इतकं वाईट वाजवू शकतात यावर माझा विश्वास बसेना.

"अरे, असं नव्हे," आईचा आवाज आला. "तिथं थांबतोस कशाला? ते पुढं सांडायला हवं."

"सरी, सरी, कळलं. परत एकदा म्हणा की, आई."

आणि माझी आई गायला लागली.

आवाज पातळ, मधेच चिरकणारा. दोनच ओळी, पण खाली येताना त्या अशा हळू वळायच्या की मला पायरीवरून हलवेना. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. माझी आई गाते हे मला माहीत नव्हतं.

फटीतून पाहिलं. आई पाटावर बसली होती. समोर हुक्केरीकर चटईवर, मांडीवर गिटार, बनियन घामानं पाठीला चिकटलेलं. दोन्ही डोळे सताड उघडे आणि नजर तिच्या तोंडावर, पाटीवर अक्षर गिरवणाऱ्या मुलासारखी. ते पुन्हा वाजवायला लागले. पुन्हा चुकले. आई हसली, अगदी मोकळी हसली, आणि तेही हसले.

मी पावलं न वाजवता मागं फिरलो आणि सहापर्यंत रस्त्यानं हिंडत राहिलो.

रात्री जेवताना सहज म्हणून विचारलं, "हुक्केरीकर येतात का गं कधी?"

"रोज येतो की," आई म्हणाली. "मी नळावर एकटीच बोलत होते ते त्यानं ऐकलं. म्हणाला, आई, मी मराठीच आहे, माझ्याशी बोला. पहिल्या दिवशी ते काहीतरी साहेबी वाजवलं. मी म्हटलं, बाबा, मला नाही हे कळत. माझं वाजव. म्हणाला, येत नाही. मग शीक, म्हटलं."

"तुझं म्हणजे काय?"

"दळताना म्हणायचे ते."

"आम्ही कधी कसं ऐकलं नाही?"

"तुम्ही झोपलेले असायचात रे." तिनं माझ्या पानात आमटी वाढली. "भला माणूस आहे. सारखं तुझंच कौतुक सांगतो. मंडळात सेक्रेटरी मला फार सांभाळून घेतात, म्हणाला."

 मी पाणी प्यायलो.

थंडी सरता सरता बायको मुलीला घेऊन आली आणि महिन्याभरानं आई गावाला परतली. मी हुक्केरीकरांकडे या सगळ्याचा विषय काढला नाही, त्यांनीही नाही. मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात मी त्यांचं नाव सगळ्यांच्या आधी घातलं. कमिटीनं कपाळाला हात लावले. हुक्केरीकर आले, सहज आठवल्यासारखं करून त्यांनी नेहमीचंच वाजवलं आणि डाव्या डोळ्याच्या फटीतून सभागृह पाहून घेतलं. मी टाळ्या वाजवल्या.

काही दिवसांनी ते संध्याकाळी घरी आले. या खेपेला पेटी नव्हती. बसले, तान्ह्या मुलीकडे पाहून जीभ टाळ्याला लावून टकटक केलं, हवा गरम झाली म्हणाले. मग विचारलं, "आईंचं पत्रबित्र?"

पत्र त्याच दिवशी आलं होतं. मी वाचून दाखवलं. गावची खुशाली, गुडघेदुखी, नातीला काजळ घालत जा. तळाला जागा उरली नव्हती म्हणून कडेनं आडव्या दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या वाचायला मी पत्र फिरवलं.

"'मधूला सांग, दुसरी ओळ घाईनं उतरू नये. दुपारी जेवणाची आबाळ करत असेल, त्याला विचारत जा.'"

हुक्केरीकर पुढं सरकून बसले. मग म्हणाले, "परत एकदा वाचा."

मी वाचलं.

"मधू असंच लिहिलंय?"

"हो. हे बघा."

त्यांनी पत्र हातात घेतलं आणि कडेच्या ओळी स्वतः वाचल्या. ओठ हलत होते. बंगळुरात त्यांना मधू म्हणणारं कोणीच नव्हतं. तसं म्हणणारं बेळगावातही आता कोणी उरलं नसावं. पुढं आम्ही आठ वर्षं शेजारी राहिलो, पण त्यांच्या नावानं आलेलं घरचं पत्र मी कधी पाहिलं नाही.

"उत्तर लिहाल तेव्हा माझा नमस्कार घाला," पत्र परत देत ते म्हणाले आणि उठले. दारापर्यंत गेले, चपला घातल्या आणि तिथंच घोटाळले.

"नको, थांबा सेक्रेटरी. नमस्कार नका घालू. पत्ता तेवढा द्या. मीच लिहितो, सविस्तर."