कॉम्प्युटरच्या वाट्याचं पाणी

दुकानदार आपल्याला हमखास फसवतो, म्हणून कॉम्प्युटरचा एकेक पार्ट आपणच निवडायचा, असं मी ठरवलं. (मी काही ठरवलं की आमच्या शीलाच्या पोटात गोळा येतो. बायको आहे, अनुभवी आहे.)

झालं असं, की श्रेयानं दहावीची परीक्षा दिली आणि गेमिंगचा कॉम्प्युटर मागितला. निकालाआधीच बक्षीस मागायचं, ही हल्लीच्या पोरांची पद्धत. म्हणाली, "पप्पा, तयार घेतला तर लई महाग पडतो. पार्ट सुटे घेतले की बजेटमध्ये बसतो. जोडते मी."

"मग आणतो मी," म्हणालो.

"तुम्ही?"

"का? शेंद्र्याला कंपनीचं स्टोअर कोण सांभाळतं? वॉशर नुसता हातात घेतला तरी साईज सांगतो मी."

"पप्पा, मी मामाकडून येईपर्यंत थांबा. आपण दोघं जाऊ."

पण ती फर्दापूरला मामाकडं सुट्टीला गेली आणि मी काही थांबलो नाही. पोरगी येईपर्यंत सगळं घरात हजर पाहिजे, तिचे डोळे पांढरे झाले पाहिजेत, एवढीच हौस होती. (तेवढी पुरी झाली.)

चार दिवस मोबाईलवर व्हिडिओ बघितले. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक कार्ड, सगळे शब्द पाठ केले. मेकॅनिकल कीबोर्ड म्हणजे बिघडला की मेकॅनिक बोलवावा लागत असणार, म्हणून साधा घ्यायचा ठरवला. माऊस रंगीत लाईटचा, कारण लाईट गेल्यावर उजेड पडेल. एकदा जेवताना शीलाला सांगत होतो, "आता फक्त एक चांगली केस बघायची राहिली."

आई ताटावरून उठायचीच बाकी होती. "कुणावर केस टाकतो रं रामेसर? भावकीवर?"

"आई, कॉम्प्युटरच्या डब्याला केस म्हणतात."

"डब्याला डबा म्हणावं की मग. जीव घाबरा केला माझा."

निराला बाजारातल्या दुकानात गेलो. दुकानदार बरा माणूस होता, पण मला त्याचं ऐकायचंच नव्हतं. तो एक दाखवायचा, मी दुसरं उचलायचो. "साब, ये इसके साथ..." असं काहीतरी त्यानं दोन-तीनदा सुरू केलं, पण मी हात वर करून थांबवलं. शेवटी तो म्हणाला, "साब, प्रोसेसर गरम होता. कूलर कौनसा होना? हवा का, की पानी का?"

आता कूलर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? खिडकीत बसवलेली पत्र्याची पेटी, तिन्ही बाजूंनी गवताच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी आणि टाकीत मोटर. पाणी संपलं की तोच कूलर भट्टीसारखी हवा फेकतो. एप्रिलमधल्या संभाजीनगरात 'हवेचा कूलर' विकणाऱ्या माणसाची मला दया आली.

"पानी का दो," मी म्हणालो. "और पानी का टाकी?"

"वो टेन्शन नक्को लेव साब. सब अंदरच रहता."

म्हणजे टाकी आतच आहे. मी समाधानानं मान हलवली.

समाधान घरी येईपर्यंत टिकलं. आमची कॉलनी बीड बायपासच्या पलीकडं. प्लॉट घेताना जाहिरातीत 'मुबलक पाणी' असं छापलं होतं, ते मुबलक पाणी आता टँकरनं येतं. धरणात गाळ दिसायला लागला, बोअर कोरडे पडले आणि वर दर महिन्याला कॉलनीत एक नवी बिल्डिंग. त्यामुळं पाणी समिती नेमली होती. टँकर आला की घरटी एक ड्रम, थेंबभर जास्त नाही. अध्यक्ष आमचे शेजारी काकासाहेब. टँकरची नळी त्यांच्याच हातात असायची. त्या उन्हाळ्यात कलेक्टरला विचारत नव्हते एवढं लोक काकासाहेबांना विचारायचे.

शीलानं खोक्यावरचं चित्र बघितलं. "अहो, ह्याला पाणी कुठून घालणार? मी भाजी धुतलेल्या पाण्यानं फरशी पुसते."

"मागून घेऊ," मी म्हणालो, आणि समितीपुढं उभा राहिलो.

काकासाहेब म्हणाले, "रामेश्वरराव, गाय-म्हैस असती तर समजलो असतो. ह्यो कंपूटर पितो तरी किती?"

"पाणी होतं तेव्हा आमच्या हॉलमधला कूलर दिवसाला तीन बादल्या ओढायचा. हा लहान आहे. टँकरमागं एक ड्रम जास्तीचा द्या, बस."

मग मी भाषण केलं. पोरींचं शिक्षण, नवं युग, मराठवाड्याचा अनुशेष, सगळं आलं त्यात. दोन बायांनी डोळ्याला पदर लावला. शेवटी ठरलं, की प्रत्येकानं हंडाभर पाणी कमी घ्यायचं आणि श्रेयाच्या कॉम्प्युटरला ड्रम द्यायचा.

"पण एक सांगतो," काकासाहेब म्हणाले, "खोटं निघालं तर पुढचे दोन टँकर तुमचा ड्रम कोरडा. नियम म्हंजी नियम."

"मी आणि खोटं?" मी छातीवर हात ठेवला.

ड्रम भरला. दुसऱ्या दिवशी श्रेया आली. खोकी बघून तिनं मला मिठी मारली, मग एकेक पार्ट बाहेर काढून टेबलावर मांडला. मध्येच ती एका पार्टाकडं बघत बसली. मला वाटलं, आनंद झाला. मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभा होतो.

"पप्पा, तांब्या कशाला?"

"कूलर भरायचा ना."

ती आधी माझ्याकडं बघत राहिली, मग फरशीवर बसली आणि पोट धरून हसायला लागली. "पप्पा, ते सीलबंद असतं! पाणी कंपनीतूनच भरून येतं. आपण जन्मात घालायचं नसतं."

शीला म्हणाली, "आत्ताच्या आत्ता ड्रम परत करा."

"करतो. कसं सांगायचं तेवढं ठरवतो," मी म्हणालो. दोन दिवस ठरवत होतो. ठरवता ठरवता एकदा दोन बादल्या डोक्यावर ओतून घेतल्या. फेब्रुवारीनंतरची ती पहिली खरी अंघोळ. मी गाणंसुद्धा म्हटलं.

घात मात्र आईनं केला. मी कामावर असताना तिनं घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या धुतल्या आणि गच्चीवर वाळत घातल्या. त्या दुष्काळात ओल्या गोधड्या! अख्खी कॉलनी माना वर करून बघत होती. काकासाहेबांनी खालून विचारलं, तर माउली म्हणते कशी, "कंपूटरला पाणी लागतच नाय म्हणं! नातीनं सांगितलं. म्हणलं, वाया कशाला घालावं?"

संध्याकाळी देवळापुढं सगळी कॉलनी जमली. उद्या टँकर येणार होता.

"खोटं बोलून पाणी घेतलं," काकासाहेब म्हणाले. "दोन टँकर बंद."

दोन टँकर म्हणजे आठ दिवस. घरात म्हातारी आई. प्यायचं काय? "काकासाहेब, आईशप्पथ, खोटं नाही बोललो. मला खरंच वाटलं होतं की पाणी घालावं लागतं."

"शिकलेला माणूस. एवढं येडं कोण असतंय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी हुशार ठरलो तर ड्रम गेला आणि येडा ठरलो तर वाचला. आयुष्यात पहिल्यांदा मला माझा येडेपणा चारचौघांत सिद्ध करायचा होता. साक्षीदारांची कमतरता नव्हती.

शीला उठली. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी बाई, वकिलासारखी बोलायला लागली. "गेल्या वर्षी इन्व्हर्टरच्या बॅटरीत ह्यांनी गंगाजल घातलं. डिस्टिल्ड म्हणजे शुद्ध, म्हणले."

लोक माना डोलवायला लागले. आई म्हणाली, "ल्हानपणी गाढवीला म्हैस समजून धार काढाया बसला होता." (हे साफ खोटं आहे. ते शिंगरू होतं. पण मी गप्प बसलो.)

काकासाहेब विरघळत आले होते, तेवढ्यात श्रेया ताडकन उभी राहिली. डोळ्यांत पाणी. "बास करा! माझे पप्पा येडे नाहीत. चार दिवस अभ्यास करून त्यांनी एकट्यानं सगळे पार्ट निवडले. कुणाचे पप्पा करतात एवढं?"

खरं सांगतो, त्या क्षणी ड्रम गेला खड्ड्यात, असं वाटलं.

"असं व्हय?" काकासाहेबांचा आवाज बदलला. "म्हंजी हुशार हायेत. मग तर जाणूनबुजूनच..."

शीलानं श्रेयाला असा चिमटा काढला की मला दुखलं. मी हात जोडले. "बाळा, माझ्या येडेपणावर पाणी फिरवू नको गं."

श्रेयानं माझ्याकडं बघितलं, आजीकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "सॉरी पप्पा. मी हे कधीच सांगणार नव्हते, तुम्हाला वाईट वाटलं असतं." आणि समितीकडं वळून तिनं मोठ्यानं सांगितलं, "पप्पांनी प्रोसेसर एका कंपनीचा आणलाय आणि मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरचा. ते एकमेकांत बसतच नाहीत. कॉम्प्युटर अजून चालूच झालेला नाही."

काकासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

"म्हंजी," ते सावकाश म्हणाले, "जो कंपूटर चालतच नाय, त्याच्यासाठी, जे लागतच नाय ते पाणी, ह्यांनी भाषण करून मागितलं?"

"हो," मी आनंदानं म्हणालो.

"रामेश्वरराव येडे हायेत, खोटारडे नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

मी आधी माझा हात वर केला आणि मग मागं वळून बघितलं. सगळ्या कॉलनीचे हात वर होते. शीलानं तर दोन्ही केले होते.